आर्ल्सच्या त्या तीस सह्या

१८८९ च्या सुरुवातीला दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल्स गावच्या तीसेक रहिवाशांनी नगराध्यक्षांकडे एक अर्ज दिला. आपल्या वस्तीत एक डच चित्रकार राहतो, तो दारू पिऊन वेड्यासारखा वागतो, बायकापोरं घाबरतात, तेव्हा त्याला घरच्यांकडे तरी पाठवा किंवा वेड्यांच्या इस्पितळात तरी ठेवा, असा त्या अर्जाचा मतलब होता. पोलिसांनी चौकशी केली. चित्रकाराला इस्पितळात कोंडलं आणि त्याच्या घराला कुलूप ठोकलं.

आज त्याच आर्ल्समध्ये त्या चित्रकाराच्या नावाने पाट्या आहेत. तो जिथे जिथे इझल लावून बसला, तिथे त्या त्या चित्राची छापील प्रत उभी केली आहे. ज्या इस्पितळात त्याला ठेवलं, त्याच्या अंगणातली बाग त्याच्या चित्राबरहुकूम पुन्हा लावली आहे आणि त्या वास्तूला त्याचंच नाव दिलं आहे. त्याने रात्रीच्या उजेडात रंगवलेला कॅफे चित्रासारखा दिसावा म्हणून नंतर पिवळा रंगवला गेला. आधी चित्र कॅफेवरून झालं, मग कॅफे चित्रावरून झाला. मधली शंभर वर्षं कुणी हिशोबात धरत नाही.

मला या हिशोबाबद्दल बोलायचं आहे. कारण आमच्या बॅचच्या ग्रुपवर काही महिन्यांपासून एक एक्सेल शीट फिरतेय. विष्णुपुरीत, धरणाच्या अलीकडे, चार वर्षं एकाच मेसचं वरण खाल्लेली आम्ही पोरं. आता निम्मी पुण्यात, काही हैदराबाद-बंगळुरूला आणि तिघं-चौघं नेदरलँड्स-जर्मनीत. शीटचं नाव आहे ‘व्हिन्सेंट ट्रेल’. अकरा दिवस, सात थांबे. झुंडर्ट, जिथे तो १८५३ साली जन्मला. न्यूनेन, जिथे त्याने ‘बटाटे खाणारे’ रंगवलं. मग ॲमस्टरडॅम, पॅरिस, आर्ल्स, सँ-रेमीचं इस्पितळ आणि शेवटी ऑव्हेर, जिथे तो २९ जुलै १८९० ला गेला. प्रत्येक थांब्यापुढे हॉटेल, रेल्वे, खर्च आणि ‘फोटो पॉइंट’ असे रकाने आहेत.

असल्या सहली फक्त आमच्या ग्रुपची हौस नाहीत. चित्रकाराच्या पावलावर पाऊल ठेवून युरोप बघायचा, हा आता पर्यटनाचा रुळलेला प्रकार आहे. आणि मला तो प्रकार खोटा वाटतो. त्यात सांगितलेल्या गोष्टी खोट्या नाहीत, घोळ निवडीत आहे. या सहली चित्रकाराचं दुःख दाखवतात आणि ते कुणी दिलं हे गाळतात. चित्रकार मेला ती जागा दाखवतात आणि चित्रं कुणी जगवली ती जागा गाळतात.

आमच्या शीटमध्ये कान आहे. २३ डिसेंबर १८८८ च्या रात्री त्याने कान कापून घेतला, त्या जागेसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. ज्या ‘पिवळ्या घरात’ हे घडलं ते घर आता नाही. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात त्याचं नुकसान झालं आणि पुढे ते पाडलं गेलं. तरी तिथे उभं राहायला अर्धा तास. त्या अर्जाला मात्र एकही मिनिट नाही. न्यूनेनमध्ये तो राहिला ते घर आहे, पण तिथल्या कॅथलिक पाद्रीने गावकऱ्यांना त्याच्यासमोर चित्रासाठी बसायला मनाई केली होती, हे नाही. तो न्यूनेन सोडून गेल्यावर आईने घर हलवताना त्याची चित्रं खोक्यांत भरून ब्रेडा गावातल्या एका सुताराकडे ठेवली आणि तिथून ती भंगारवाल्याच्या हाती गेली, हेही नाही. ब्रेडा हा थांबाच नाही. भंगारवाल्यासोबत कोण सेल्फी काढणार?

अर्ज करणारे ते तीस लोक राक्षस नव्हते, हे मी मानतो. शेजारच्या माणसाने स्वतःचा कान कापला तर भीती वाटणारच. त्याच गावात रूलँ नावाचा टपाल खात्यातला माणूस होता, जो त्याला इस्पितळात भेटत राहिला, त्याची खुशाली त्याच्या भावाला कळवत राहिला. म्हणजे त्या गावात दोन्ही पर्याय होते. मला हेच महत्त्वाचं वाटतं. विचित्र वागणारा, पैसे नसलेला, कुणाला न कळणारी चित्रं काढणारा माणूस आपल्या गल्लीत राहायला आला, तर आपण सही करणारे असू की भेटायला जाणारे? अकरा दिवस एखाद्या चित्रकाराच्या मागे फिरून हा प्रश्न एकदाही समोर येणार नसेल, तर ती सहल मुक्कामाच्या बसमधून केलेली झोप आहे.

गाळलेला थांबा

शीटमध्ये नसलेलं आणखी एक गाव म्हणजे बुसुम. ॲमस्टरडॅमपासून अगदी जवळ. व्हिन्सेंट तिथे कधी राहिला नाही, म्हणून ते कुठल्या ट्रेलमध्ये सहसा येत नाही.

व्हिन्सेंट गेला आणि सहा महिन्यांत त्याचा भाऊ थिओही गेला. थिओची बायको योहाना तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती, पदरात एका वर्षाचं मूल. वाट्याला आलं काय, तर बाजारात किंमत नसलेली शेकडो चित्रं आणि पत्रांचा ढीग. ती बुसुमला गेली आणि तिने तिथे खानावळीसारखं घर चालवलं, पाहुणे ठेवून. त्या घराच्या भिंतींवर ती चित्रं लावलेली होती. दिवसा पाहुण्यांचं जेवणखाण, रात्री पत्रं तारखेनुसार लावणं. तिने चित्रं हट्टाने प्रदर्शनांत पाठवली, थोडी थोडी विकली, विक्रीचा हिशोब वहीत लिहून ठेवला. १९०५ साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात व्हिन्सेंटचं मोठं प्रदर्शन भरलं, ते तिच्या खटपटीने. १९१४ साली पत्रं छापली गेली ती तिच्यामुळे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतली ‘सूर्यफुलं’ १९२४ साली तिनेच दिली, तीही मन घट्ट करून.

आणि ऑव्हेरच्या दफनभूमीत शेजारी शेजारी असलेल्या, हिरव्या वेलीने झाकलेल्या दोन भावांच्या कबरी, ज्यांचा फोटो काढल्याशिवाय हा ट्रेल पूर्ण होत नाही? थिओ मुळात नेदरलँड्समध्ये पुरलेला होता. १९१४ साली त्याचे अवशेष तिथून ऑव्हेरला आणले, तेही योहानाने. आपण ज्या दृश्याने हळवे होतो ते दृश्य तिने रचलं आहे. तिचं नाव आमच्या शीटमध्ये कुठेच नव्हतं.

तिच्या मुलाचं नाव काकाच्या नावावरून व्हिन्सेंट ठेवलं होतं. त्याच्या जन्माच्या आनंदात काकाने निळ्या आभाळावरचा बदामाचा मोहोर रंगवला, जो आता आपल्यातल्या कितीतरी जणांच्या फोनचा वॉलपेपर आहे. हा मुलगा पुढे कोण झाला? इंजिनिअर. डेल्फ्टला मेकॅनिकल शिकला. घरात त्याला ‘इंजिनिअर’ असंच म्हणत. चित्रं विखरून जाऊ नयेत म्हणून त्याने प्रतिष्ठान उभारलं, सरकारशी करार केला आणि १९७३ साली ॲमस्टरडॅमचं व्हॅन गॉग संग्रहालय उघडलं. ज्या संग्रहालयाचं तिकीट आम्ही आठवडे आधी बुक करतोय, ते एका इंजिनिअरने चिकाटीने पूर्ण केलेलं काम आहे.

आम्ही सगळे इंजिनिअर. पण आमच्या ट्रेलमध्ये आम्हाला स्वतःला बघायचं आहे ते व्हिन्सेंटमध्ये. गैरसमज झालेला, एकटा, जगाने न ओळखलेला. अप्रेझल वाईट गेलं की आपण सगळेच व्हिन्सेंट असतो. आपण त्या पुतण्यासारखे होऊ शकतो, त्या वहिनीसारखी वही ठेवू शकतो, हे कुणाला सुचत नाही, कारण त्यात वेड नाही आणि रक्त नाही. त्यात काम आहे.

‘निदान लोक चित्रं तरी बघतात’

ग्रुपवर मी हे बोललो तेव्हा आलेला आक्षेप असा: ‘भावा, कुठल्या का निमित्ताने होईना, लोक चित्रांपर्यंत पोचतात ना? तुला काय त्रास?’

त्रास हा, की पोचत नाहीत. सात थांब्यांचा हिशोब करा. आर्ल्समध्ये त्याने दोनशेच्या आसपास चित्रं काढली, पण तिथे त्याच्या नावाने असलेल्या संस्थेकडे स्वतःचा कायमचा संग्रह नाही. ती इतरांकडून उसनी चित्रं आणून दाखवते. सँ-रेमीत आहे ती त्याच्या खोलीची पुन्हा मांडलेली प्रतिकृती. ऑव्हेरला तो मेला ती खानावळीच्या वरची खोली आहे, रिकामी. जन्मगावी पुतळा आहे. अस्सल चित्रं भरभरून आहेत ती ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात, ऑटर्लोच्या क्रलर-म्यूलर संग्रहालयात आणि थोडी पॅरिसला. आमच्या शीटमध्ये ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयाला तीन तास होते. ऑटर्लो नव्हतंच, कारण ‘तिथे तो राहिलेला नाही’. म्हणजे जिथे चित्रं नाहीत तिथे सहा दिवस आणि जिथे आहेत तिथे एक दुपार. याला चित्रांपर्यंत पोचणं म्हणत असतील तर नांदेड स्टेशनवरून गोदावरीत आंघोळ झाली असंही म्हणता येईल.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ‘आपल्याकडच्या पोराने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने काहीतरी सुंदर बघायला जायचं ठरवलं, तर तू त्यात पण खोट काढणार.’ नाही. जाऊ नका असं मी म्हणतच नाही. ज्यांच्या आईबापांनी सोयाबीनच्या भावाकडे बघत फी भरली, त्या पोरांनी ॲमस्टरडॅमला जाऊन बदामाच्या मोहोरासमोर तासभर उभं राहावं. त्याहून चांगला खर्च मला सुचत नाही. म्हणूनच तो खर्च रिकाम्या खोल्यांचे फोटो काढण्यात जाऊ नये.

आपल्याला हे येतं

एखाद्याच्या आयुष्यामागे चालत जाण्याची रीत आपण युरोपकडून शिकावी, अशी वेळ मराठवाड्यावर आलेली नाही. नांदेड स्वतःच अशा एका वाटेचा शेवटचा थांबा आहे. श्री गुरू गोविंदसिंगजींचा जन्म पाटण्याचा, खालसाची स्थापना १६९९ साली आनंदपूरला आणि १७०८ साली ते इथे, गोदाकाठी. तीनशे वर्षांहून जास्त काळ पंजाबातून माणसं त्या वाटेने इथे येतात. आल्यावर काय करतात ते नांदेडच्या प्रत्येक पोराने पाहिलं आहे. लंगरमध्ये पोळ्या लाटतात, भांडी घासतात, दुसऱ्याचे जोडे सांभाळतात. त्या वाटेवर चालणाऱ्याला काम लागतं. नुसतं बघून परत जाणं हा प्रकार तिथे नाही.

वारीचंही तेच. तिथे संतांच्या छळाची गोष्ट लपवत नाहीत. पैठणच्या धर्मसभेने ज्ञानदेव भावंडांकडून शुद्धिपत्राचा हिशोब मागितला, तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, हे कीर्तनकार आजही भर मंडपात सांगतो, आणि ज्यांनी छळलं त्यांच्याच गावात बसून सांगतो. गावाची चूक ही त्या कथेचा कणा आहे. वह्या बुडाल्या नसत्या तर तरल्याची गोष्ट कुणी सांगितली असती? आणि चालणाऱ्याच्या तोंडी त्या संतांचे शब्द असतात. वारकरी तुकोबांचं घर बघून परत येत नाही, तुकोबा म्हणत म्हणत जातो.

काम, गावाची चूक आणि मूळ शब्द, या तीन गोष्टी आपल्या वाटांवर आहेत. विकत मिळणाऱ्या ट्रेलवर तिन्ही नाहीत.

अर्थात आपणही हे विसरतो. अजिंठ्याचं बघा. १८४४ साली मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला आला आणि त्याने आयुष्याची कितीतरी वर्षं त्यात घातली. लंडनला पाठवलेल्या त्याच्या बहुतेक नकला १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तो १८७९ साली गेला, कबर भुसावळला आहे. आपल्याकडे त्याचं काय उरलं? पारो. गाईड पारो सांगतो, सिनेमा पारो सांगतो. ती कहाणी सुंदर आहे, अजिंठा गावात तिची कबरही आहे. पण गिलच्या नकला जळाल्यावर १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली लेण्यांत बसून पुन्हा नकला करत राहिले. कित्येक हंगाम, अंधारात, वटवाघळांच्या वासात. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ साली लंडनमध्येच दुसऱ्या आगीत गेल्या. त्या देशी पोरांची नावं कुठल्या गाईडच्या तोंडी आहेत? आपलाही कान ठरलेला आहे. त्याचं नाव पारो.

आपला अर्ज

आता कठीण भाग. समजा कुणी उद्या ठरवलं, की महाराष्ट्रात जन्मलेल्या एका जगप्रसिद्ध चित्रकाराच्या आयुष्याचा ट्रेल आखायचा. पहिला थांबा पंढरपूर असेल. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म तिथला, १९१५ सालचा. मग इंदूर, मग मुंबई, जिथे त्यांनी सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरलं आणि पुढे सूझा-रझांच्या प्रोग्रेसिव्ह गटात ते सामील झाले. मग जग. आणि शेवट? १९९८ साली मुंबईत त्यांच्या घरात घुसून चित्रांची मोडतोड झाली. देशभर खटले भरले गेले. २००६ साली, नव्वदी गाठलेल्या वयात, त्यांनी देश सोडला. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ मे २००८ च्या निकालात त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी रद्द केल्या, तरी ते परतले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं. ९ जून २०११ रोजी ते लंडनमध्ये गेले. कबर इंग्लंडमध्ये, ब्रुकवूडला. त्यांच्या नावाचं मोठं संग्रहालय २०२५ च्या अखेरीस उघडलं, ते दोहाला.

ही वाट पंढरपुरात सुरू होते आणि युरोपात संपते. आमच्या शीटसाठी याहून चपखल ट्रेल नव्हता. पण तो कुणी सुचवला नाही, आणि सुचवला असता तर ग्रुपमध्ये पहिले भांडण झालं असतं आणि मग अॅडमिनने ‘नो पॉलिटिक्स प्लीज’ टाकलं असतं.

कुणाला हुसेन यांची काही चित्रं खटकली, दुखली, हे मला समजतं. चित्र नावडण्याचा हक्क आहे, त्यावर टीका लिहिण्याचा हक्क आहे, कोर्टात जाण्याचाही आहे. कोर्टाने काय म्हटलं ते वर आहेच. पण घरात घुसून फाडण्याचा आणि म्हाताऱ्याला देशाबाहेर मरायला लावण्याचा हक्क यात कुठे बसत नाही. आर्ल्सच्या लोकांचीही भीती खरीच होती. म्हणून तो अर्ज बरोबर ठरला का? आपण आर्ल्सला जाऊन हळहळतो, कारण तिथे सह्या दुसऱ्यांच्या आहेत. पंढरपूर ते ब्रुकवूड या वाटेवर हळहळायचं तर त्या कागदावर आपल्या ओळखीची नावं सापडतील. व्हिन्सेंट आपल्याला म्हणूनच परवडतो. तो परका आहे आणि मेलेला आहे.

मग करायचं काय

शीटमध्ये मी तीन बदल सुचवले आहेत. आर्ल्सचा अर्धा दिवस कापून ऑटर्लोला द्या. बुसुमला एक दुपार द्या, आणि तिथे जाण्याआधी योहानाबद्दल वाचा. आर्ल्सला गेलातच, तर तो अर्ज कुणीतरी एकाने मोठ्याने वाचा, मराठीत सांगा, आणि मग कॉफी प्या.

चौथा बदल परत आल्यावरचा आहे, आणि माझं भांडण खरं त्यासाठी आहे. आपल्यातले बहुतेक जण शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलो, कारण दहावीत गुण वाढतात. त्या परीक्षांसाठी संध्याकाळी थांबून स्थिरचित्र शिकवणारे एक चित्रकलेचे सर प्रत्येक तालुक्याला होते. त्यांनी फक्त फळ्यावर केळी आणि तांब्या काढला असेल असं वाटतं का? नांदेड-लातूरच्या जुन्या दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या फळ्या, सिनेमाचे बोर्ड हाताने रंगवणारे पेंटर होते. फ्लेक्स आला आणि ते एकेक करून रंगाच्या दुकानात किंवा घरी बसले. या माणसांची कामं आज ट्रंकेत, माळ्यावर, गोठ्याच्या आडाला टांगलेली आहेत. माणूस गेला की घर रिकामं करताना ती रद्दीत जातात. ब्रेडाचा तो भंगारवाला आपल्याकडे रोज सकाळी गल्लीत ओरडत येतो.

त्यातलं किती मोठं आहे, किती साधं, हे मला ठरवता येत नाही. बुसुमच्या पाहुण्यांनाही ते ठरवता आलं नसेल. पण ठरवण्यासाठी आधी ते उरावं लागतं. त्याला फार काही लागत नाही. आपल्या खिशातल्या फोनचा कॅमेरा चालतो. दिवसाच्या उजेडात, समोरून, मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो. आणि एक शीट, जी बनवण्यात आपला हात कुणी धरत नाही: चित्र कुणाचं, कधीचं, कशावर काढलं, आकार किती, सध्या कुणाकडे आहे. सर जिवंत असतील तर त्यांच्याशी बोलून पाच रकाने भरायचे, नसतील तर काकूंशी. योहानाची वही याहून वेगळी नव्हती.

दिवाळीला सगळे गावाकडे येतातच. युरोपच्या अकरा दिवसांआधी त्यातला एक दिवस काढा. आपल्या सरांचं घर कुठे आहे ते विचारा, आणि मोजपट्टी घेऊन जा.